भाऊबीजेचा फोन आणि सिंगापूरची तयारी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)





चिटणीसांनी यंदा परदेश प्रवासावर बोला म्हणून सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. इथे समोर अमेरिकेला चार-चार वेळा जाऊन आलेली मंडळी बसली आहेत. आमचा सारा परदेश म्हणजे सिंगापूर, आणि तोही सौ.चा नऊ दिवसांचा व आमच्यातल्या सरकारी नोकराचा चार दिवसांचा. त्यात ना सेंटोसा पाहिले, ना तो तोंडातून पाणी सोडणारा सिंह. चिटणीस म्हणाले, "प्रवासाचे राहू द्या, तयारीचे सांगा." तयारीचे मात्र सांगण्यासारखे आहे. बोलणारा एक असला तरी भाषण दोघांचे आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' येईल. सौ. तिसऱ्या रांगेत आहेत. चुकले तर दुरुस्ती तिथून येईलच.

फोन आला तो गेल्या भाऊबीजेच्या रात्री. सौ.चा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनीयर आहे. जहाजावर असला तरी भाऊबीजेला ताईला फोन करतोच, आणि पाट मांडून मोबाईललाच ओवाळायचे, असा आमच्याकडे काही वर्षांचा रिवाज पडला आहे. ताट तयार होते. साडेनऊला फोन वाजला तो मुंबईच्या नंबरावरून. कंपनीच्या ऑफिसातले गृहस्थ सांगत होते : जहाज इंधन घ्यायला सिंगापूरला नांगरलेले असताना त्याचे पोट असह्य दुखू लागले, किनाऱ्यावर नेले, अपेंडिक्स फुटलेले निघाले. ऑपरेशन झाले आहे, अतिदक्षता विभागात ठेवले आहे, घरच्या कोणाला यायचे असेल तर कळवा.

जाणार कोण? त्याच्या बायकोला सातवा महिना. सासरे नाहीत. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, अँजिओप्लास्टी झालेल्या. राहिलो आम्ही दोघे. अहमदाबाद विमानतळाच्या आत आम्ही तोवर पाऊलही टाकले नव्हते.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, उभे आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेले. रात्री साडेदहाला त्यांच्याकडे गेलो. आम्हाला वाटले ते तिकिटाचे, व्हिसाचे सांगतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्याला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? लहानपणची दुखणी कोणती? आत्ताच्या आत्ता लिहून कंपनीला मेल करा. तुम्ही जाल तेव्हा जाल, ही माहिती आज रात्री जाऊ शकते."

आता पंचाईत अशी, की सासूबाईंना यातले काही सांगायचे नाही हे आम्ही फोन ठेवताक्षणी ठरवून टाकले होते. पण लहानपणची दुखणी आईखेरीज कोणाला माहीत असणार? सौ.ला काही आठवेना, मेहुण्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हते. बाहेर ओट्यावर दहा मिनिटे आम्ही हळू आवाजात वाद घातला. मग आत जाऊन सासूबाईंना सगळे खरे सांगितले. त्या रडल्या नाहीत. देवघराकडे तोंड करून थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, लिहून घ्या. चार वर्षांचा असताना घसा सुजला म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले होते. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी पुन्हा कधी देऊ नका म्हणून सांगितले होते." त्याला स्वतःला हे माहीत नव्हते. कारण त्यानंतर तसे इंजेक्शन कधी लागलेच नाही.

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मेल गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सिंगापूरच्या एजंटाचा निरोप आला, की चालू असलेले अँटिबायोटिक त्याच गटातले होते, अंगावर पुरळ दिसू लागले होते, ते बंद करून दुसरे सुरू केले आहे. आमच्या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही, आणि ती कुठल्याही बॅगेत नव्हती.

काकांनी दुसरी जी माहिती दिली तीही सांगून ठेवतो. या सभागृहात जहाजावर मुले असलेली आणखी घरे आहेत. 2006 साली झालेला सागरी कामगारांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 साली स्वीकारला. त्याप्रमाणे नोकरीवर आजारी पडलेल्या खलाशाच्या उपचाराचा आणि त्याला मायदेशी आणण्याचा खर्च जहाजाच्या मालकावर असतो. कायद्याने ही जबाबदारी मुदतीपुरती मर्यादित करता येते, पण ती मुदत 16 आठवड्यांहून कमी ठेवता येत नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या बिलाच्या चिंतेतून आम्ही त्या रात्रीच मोकळे झालो. नाही तर दागिने काढण्यापर्यंत बोलणे आले होते. नातेवाइकांच्या तिकिटाचे मात्र आपल्याला पाहावे लागते. ते आमचे आम्ही काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून पासपोर्ट काढले. सौ.चा व्यवस्थित होता. सरकारी नोकराच्या पासपोर्टाची मुदत संपायला चार महिने होते. आम्ही म्हटले, चार महिने म्हणजे पुष्कळ, जायचे आहे आठ दिवसांसाठी. ट्रॅव्हल एजंटाने मान हलवली. सिंगापूरला उतरताना पासपोर्ट किमान सहा महिने तरी चालणारा हवा. म्हणजे जो कागद आम्ही जिवंत समजत होतो तो या कामापुरता मेलेलाच होता. घरी गेल्यावर आपापला पासपोर्ट काढून शेवटची तारीख पाहा आणि तिच्यातून सहा महिने वजा करा. तीच त्याची खरी तारीख.

तत्काळमध्ये नवा काढायचा तर साध्या पुस्तिकेचे 1500 आणि तत्काळचे 2000 असे साडेतीन हजार रुपये. पैशांचे काही नाही. पण सरकारी नोकराला खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, शिवाय परदेशी जायला वेगळी परवानगी आणि रजा वेगळी. अर्जात एक रकाना असतो, प्रवासाचा खर्च कोण करणार म्हणून. वीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारल्यावर आपल्याच अर्जापुढे बसायचा योग होता तो! आणि सही करणारे साहेब दिवाळीच्या रजेवर.

इथे बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगायला हवे. आपल्या मराठी घरांत भाऊबीज झाली की दिवाळी आटोपते. बडोद्याचा बाजार मात्र लाभपाचमेपर्यंत उघडत नाही. दुकाने बंद, भाषांतरवाला गावी, नोटरी द्वारकेला. एरवी आम्हीही त्या सुट्ट्यांत पाय पसरून बसतो, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

भाषांतरवाला कशाला लागला, हा आपल्यासारख्या घरांचा खास प्रश्न आहे. व्हिसासाठी सिंगापूरच्या एजंटाचे पत्र हवे होते, आणि पत्र देण्याआधी त्यांनी नात्याचा पुरावा मागितला. बहीण आहे हे सिद्ध करा! सौ.चा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, कारण शाळा मराठी माध्यमाची. लग्नाचा दाखला गुजरातीत. पासपोर्ट इंग्रजीत. माहेरच्या आडनावात भावाच्या कागदांवर एक 'एच' आहे, तो बहिणीच्या कागदांवर नाही, कारण पूर्वी कोणा कारकुनाने गुजराती उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केले. सासऱ्यांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी 'राव' गळलेले. चार पिढ्या या गावात राहिलो, श्रीमंत सरकारांच्या वेळेपासूनची घरे आपली, आणि एका बहीण-भावाचे नाते कागदावर जुळवायला आम्हाला दोन दिवस लागले. सरकारी कारकुनाला हसायचा हक्क नाही हे मान्य आहे, कारण असे 'एच' गाळणाऱ्यांत आम्हीही असू.

शेवटी मराठी शाळेच्या एका निवृत्त बाईंनी भाषांतर करून दिले. एक वकील-नोटरी गावात आहेत असे कळले, त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "लाभपाचमेआधी आम्ही शिक्का हातात घेत नाही." मग कागद वाचले, उठले, शिक्का घेऊन आले. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "लाभ घेतला नाही म्हणजे मुहूर्त मोडला नाही."

तिसऱ्या दिवशी रात्री चित्र असे होते : सौ.चे कागद तयार, सरकारी नोकराचा ना-हरकतीचा अर्ज आवक क्रमांक घेऊन टेबलावर पडलेला. दोघांनी मिळून जायचे तर आणखी आठवडा. चौथ्या दिवशी निरोप आला, की जंतुसंसर्ग आटोक्यात नाही, पोट पुन्हा उघडून धुवावे लागले. सौ. म्हणाल्या, "मी पुढे जाते." मुंबईपलीकडे एकटीने प्रवास न केलेली बाई. आम्ही कोणीच तिला 'नको' म्हटले नाही, आणि 'जा' म्हणायलाही कोणाची जीभ रेटेना. ती तयारीला लागली.

व्हिसाचा अर्ज तिथल्या सरकारने मान्य केलेल्या एजंटामार्फतच जातो. साधारण तीन कामाचे दिवस धरायचे. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. त्या तीन दिवसांत एक शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर रुग्णालयाचा पत्ता, वॉर्ड, एजंटाचे दोन नंबर, भारतीय हाय कमिशनचा नंबर, हे सगळे मोबाईलमध्ये असूनही हाताने लिहिलेले. पुढे आमच्या डॉक्टरांनी सांगितलेले प्रश्न : ताप किती, कोणते औषध चालू, नळ्या कधी काढणार, खायला कधी, विमानात बसायला कधी. इंग्रजीत लिहून, खाली उत्तराला जागा सोडलेली. सौ.ला इंग्रजी वाचता उत्तम येते, बोलताना अडखळायला होते. आमचा दहावीतला मुलगा रोज रात्री डॉक्टर व्हायचा आणि ती त्याला प्रश्न विचारायची. तो मुद्दाम भरभर उत्तरे द्यायचा. "प्लीज, स्लोली," हे वाक्य तिने शंभरदा तरी म्हटले असेल.

बँकेच्या कार्डाचे एक सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डाचा परदेशातला वापर आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही. कॉन्टॅक्टलेसचेही तसेच. हे घरबसल्या मोबाईलवर होते, पण परक्या विमानतळावर उभे राहून करायचे म्हटले तर ओटीपी येणारे सिम रोमिंगवर हवे. आम्ही रोमिंग, कार्ड दोन्ही आधी चालू केले आणि हाताशी थोडे सिंगापूर डॉलर घेतले. प्रवासाचा विमा निघण्याआधी दोन तास घेतला. हा आमचा गलथानपणा.

सिंगापूरला जाताना एक ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावे लागते, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत. ते फुकट आहे. भाच्याने शोधले तर पहिल्याच ठिकाणी त्याचे पैसे मागत होते. तिथल्या सरकारची साइट नव्हती ती, दिसत मात्र हुबेहूब तशी होती. जाणाऱ्यांनी जपावे.

आता बॅगेकडे वळतो. सासूबाईंनी दिवाळीच्या अनारशांचा डबा पुढे केला. ट्रॅव्हल एजंटाच्या ऑफिसातल्या मुलीने नेमके विचारले, "मसाल्यात, मिठाईत खसखस नाही ना?" सिंगापुरात खसखस नेणे बेकायदा आहे, अफूच्या बोंडातली म्हणून तिची गणना अमली पदार्थांच्या कायद्यात होते. अनारशाला दुसरे काय लावतात? डबा परत फडताळात गेला. च्युइंगगमवर तिथे 1992 पासून बंदी आहे हे पुष्कळांना माहीत असते. चघळायची तंबाखू, गुटखा चालत नाही हे कमी जणांना. सरकारी नोकराच्या खिशातली पुडी घरी राहिली. चार दिवस कसे गेले ते सौ.ला विचारा, किंवा नका विचारू. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेतल्या. झोपेच्या किंवा कडक वेदनाशामक गोळ्या असतील तर आधी तिथल्या खात्याची परवानगी लागू शकते. आमच्याकडे साध्या रक्तदाबाच्या होत्या. तिथले प्लग आपले चालत नाहीत, तीन चौकोनी पायांचे असतात, म्हणून अडॅप्टर घेतला. स्वेटर शेजारणीने दिला, आम्ही हसलो, कारण तिथे बारा महिने उकाडा आणि पाऊस. तोच स्वेटर अतिदक्षता विभागाबाहेरच्या वातानुकूलित बाकावर कामी आला. सासूबाईंनी खसखस नसलेले एकच काही शोधून काढले, मेतकूट. पावशेराची पुडी.

आठव्या दिवशी रात्री अहमदाबादहून विमान. सकाळी चांगी विमानतळावर एजंटाचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा असणार होता. तो नव्हता. सौ.ने चाळीस मिनिटे वाट पाहिली. फोन लागेना. मग वही उघडली. सहाव्या पानावर काकांनी लिहून दिले होते, 'गाडी न आल्यास'. विमानतळावरून मेट्रो, एक्स्पो स्टेशनला बदल, तिथून निळी लाइन, लिटल इंडियाला उतरणे. कार्ड गेटवर टेकवायचे, उघडते. पाट्या इंग्रजी, चिनी, मलाय आणि तमिळमध्ये. ती सांगते, गेट उघडले तेव्हा परदेशात आल्यासारखे वाटले, विमानातून उतरताना नव्हते वाटले. हॉटेलात बॅग टाकून दुपारी ती भावापाशी होती.

त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "ताई, तू? एकटी? भावोजी कुठेत?"

"त्यांची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे," ती म्हणाली. तो हसला, टाके दुखले म्हणून लगेच कण्हला. नर्स धावत आली. सौ.ने वहीतला पहिला प्रश्न विचारला.

इकडे साहेब लाभपाचमेनंतर आले, सही झाली, पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला, व्हिसा झाला. पाच दिवसांनी सरकारी नोकर तिथे पोहोचला. तोवर सौ.ने डॉक्टरांच्या राउंडची वेळ, कँटीनमधला दहीभात, बिलाच्या खिडकीवरच्या बाईंचे नाव, सगळे पाठ केले होते. आम्हाला काही उरलेच नव्हते. उरले ते विमानात बसण्यायोग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म. फॉर्म भरण्यात आमचे आयुष्य गेले आहे, ते काम आम्ही बिनचूक केले. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून घ्यावी लागते, तीही मागितली.

सासूबाईंनी इथे भिंतीवर दुसरे घड्याळ लावून घेतले होते, अडीच तास पुढे केलेले. रोज त्या घड्याळात सात वाजले की त्या फोन घेऊन बसायच्या. मुलाला पातळ अन्न द्यायला परवानगी मिळाली त्या दिवशी सौ.ने सेरांगून रस्त्यावरच्या एका दक्षिणी खानावळीतून मऊ भात आणला, पाण्यात कालवला, वर मेतकूट घातले आणि फोनवर दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "तूप घातलेस का?" डॉक्टरांनी तूप नको म्हटले होते. ते त्यांना अजून पटलेले नाही.

ते घड्याळ अजून तसेच आहे. मेहुणा पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जातो आहे. त्याची मुलगी आता आठ महिन्यांची झाली. त्याच्या वैद्यकीय कागदांत पेनिसिलिनची ओळ त्याने स्वतः लिहून घेतली आहे. आडनावातला 'एच' घालून घेण्याचा आमचा अर्ज मात्र अजून चालू आहे.

ती वही आज सोबत आणली आहे. आरतीनंतर कोणाला पाहायची, उतरून घ्यायची असेल तर सौ.कडे मागा. सातव्या पानावर मेतकुटाचे डाग आहेत, तेवढे समजून घ्यावे.